दत्तरावांची अकरा जपानी घड्याळं

झरीच्या सिताराम मिस्त्रीला दत्तरावांनी चोर म्हटलं, आणि तेही घरात नाही, पारावर बसून, दहा माणसांच्या देखत. सत्त्याहत्तर सालचा उन्हाळा होता. घड्याळजीच्या धंद्यात नावाशिवाय दुसरं भांडवल नसतं. माणूस मनगटावरचं घड्याळ उतरवून परक्या हातात देतो आणि दोन दिवस मोकळ्या मनगटानं फिरतो, ते कशाच्या जोरावर? या हातातून आतला पुर्जा बदलून येणार नाही, एवढ्याच. तो जोर एकदा गेला की परभणीच्या स्टँडजवळ टपरी उघडून नुसत्या माश्या मारायच्या.

आणि हे कुणाच्या बाबतीत? ज्यानं वीस महिने त्याच दत्तरावांची घड्याळं आपल्या घरात जिवापाड सांभाळली, त्याच्या बाबतीत. जीभ कशी रेटली कुणास ठाऊक.

सितारामचा बाप छप्पन साली बौद्ध झाला, आणि त्याच वर्षी त्यानं पोराला हैदराबादला धाडलं. गावकीची कामं सोडली होती, आता पोरानं हातात काही हुन्नर घ्यावा एवढंच त्याच्या डोक्यात. चारमिनारमागच्या गल्लीत एक म्हातारे उस्ताद होते. त्यांच्याकडं सिताराम सात वर्षं राहिला. उस्तादांनी पहिल्या दिवशी चिमटा धरायला नाही शिकवलं, श्वास घ्यायला शिकवलं. घड्याळ उघडलं की तोंडाला फडकं बांधायचं. "बेटा, तेरी फूंक में भी पानी है," असं ते म्हणायचे. आत केसाएवढी बारीक बालकमानी असते, तिला श्वासातली ओलसुद्धा गंज चढवते. सिताराम हे कधी विसरला नाही. वैशाखात टपरीचा पत्रा तापून लाल व्हायचा, तरी त्याच्या तोंडाला फडकं असायचंच. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, डाकू बसलाय म्हणून.

सत्तर साली दत्तराव त्या टपरीपुढं उभे राहिले. झरीचे बडे जमीनदार, आणि एका गोष्टीचे पक्के वेडे. जपानी मनगटी घड्याळं जमवायची. त्यांचा मेहुणा बन्सीधर मालवाहू जहाजावर होता. जहाज कोबे बंदराला लागलं की तो एखादं घड्याळ घ्यायचा आणि कस्टमवाल्यांची नजर चुकवून मुंबईत उतरवायचा. साधं सिको नव्हे हो. साधं सिको तेव्हा हजहून आलेल्या कुणाच्याही मनगटावर दिसायचं. दत्तरावांना पाहिजे ते किंग सिको, ग्रँड सिको, सिटिझनचं क्रोनोमीटर, जी जपानातसुद्धा मोठे साहेबलोकच वापरतात ती. बन्सीधर जाहिरातीची पुस्तकं आणायचा आणि दत्तराव त्यातल्या चित्रांवर पेन्सिलीनं फुल्या मारून द्यायचे. लग्नाकार्यात जायचं ते दरवेळी वेगळं घड्याळ घालून. बाही दुमडायची आणि पानाच्या तबकाकडं हात मुद्दाम लांबवायचा. समोरचा म्हणायचा, "एचएमटी हाय वाटतं?" आणि दत्तरावांचं तोंड कडू व्हायचं.

"परभणीतल्या तिघांनी हात लावायला न्हाई म्हणलं," दत्तराव टपरीपुढं उभे राहून बोलले. "असलं मशीन बघितलं न्हाई म्हणतेत. तू बगतू का?"

सितारामनं फडकं बांधलं आणि घड्याळ पालथं केलं. मागच्या झाकणावर सोन्याच्या चकतीत सिंह कोरलेला. झाकण उघडलं तर आतली एकेक पट्टी आरशासारखी घासलेली, जी बाजू जन्मात कुणाला दिसणार नाही तीसुद्धा. उस्तादांकडच्या सात वर्षांत असलं काम त्याच्या डोळ्यांखालून गेलं नव्हतं. ज्या कुणी हे घासलं त्याच्या पाया पडावं असं त्याला वाटलं.

"बगतो, मालक," तो म्हणाला, आणि तिथून ती घड्याळं त्याच्या गळ्यात पडली.

पुढं पाच वर्षं दर ऐतवारी सिताराम दत्तरावांच्या बैठकीत. बसायला खुर्ची मिळायची. चहा यायचा निळ्या फुलांच्या कपात. तो कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा आणि सालगडी मुंजाजी तो बाहेर रांजणापाशी विसळायचा. सिताराम हे बघायचा, आणि बघूनही स्वतःला सांगायचा की फुलांचा कप खास आपल्यासाठी काढून ठेवलाय. माणूस स्वतःला किती फसवू शकतो! पण त्याला तरी दोष काय द्यायचा? अख्ख्या जिल्ह्यात त्या घड्याळांची किंमत कळणारी दोनच माणसं होती, एक मालक आणि एक मिस्त्री. दोघं भिंग डोळ्याला लावून तास तास बसायचे. "ह्याचा आवाज ऐक, सिताराम." "तेल जादा झालंय ह्याला, मालक." तेवढ्या वेळात कोण कुठल्या आळीचा, हे सिताराम तरी विसरून जायचा.

दत्तरावांचा एक लाडका खेळ होता. त्या घड्याळांची चावी बाहेर ओढली की सेकंदाचा काटा जागच्या जागी थांबायचा. काटा बरोबर बारावर आला की दत्तराव चावी ओढायचे, आणि रेडिओवर बातम्यांच्या वेळचे ठोके पडले की शेवटच्या ठोक्याला आत दाबायचे. दोन्ही हातांत दोन घड्याळं धरून एका दमात सुरू केली आणि काटे जोडीनं चालले की त्यांचा चेहरा लेकरासारखा व्हायचा. सितारामला मालकाचा तो चेहरा लय आवडायचा.

पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी लागली. चोरट्या मालासाठी झडत्या सुरू झाल्या, शहरातल्या दोघा व्यापाऱ्यांना उचलल्याची बातमी आली, आणि बन्सीधरचं पत्र येणं बंद झालं. एका सकाळी दत्तराव एकटेच चालत बौद्धवाड्यात आले. जन्मात पहिल्यांदा. सितारामच्या दारात उभे राहिले, आत काही आले नाहीत, आणि उपरण्यात बांधलेला पत्र्याचा डबा त्यांनी उंबऱ्यावर टेकवला. आत अकरा घड्याळं.

"तुझ्या घराची झडती कोण घेतंय, सिताराम? इथं असला माल असंल असं कुणाच्या सपनात तरी येईल का?" ते हळूच म्हणाले. "हे निस्तरलं की यातलं तुला आवडंल ते एक तुझं."

सिताराम भरून पावला. त्याची बायको पंचफुला मात्र नाही. ती रोजानं खुरपायला जाणारी बाई, उन्हात राबलेली आणि जिभेनं तिखट.

"सापडलं तर आत कोण जाईल? त्ये का तुमी?" तिनं विचारलं.

"अगं, इस्वास ठेवलाय माणसानं."

"इस्वास न्हाई, डबा ठेवलाय."

असं बोलली खरी, पण डबा तिनंच ज्वारीच्या कणगीत खोल पुरला, आपल्या लग्नातल्या लुगड्यात गुंडाळून. रोज सकाळी सिताराम परभणीच्या गाडीआधी उठून तो बाहेर काढायचा. चावीची घड्याळं होती ती, पडून राहिली की आतलं तेल घट्ट होऊन धरतं. एकेकाला चावी भरायची, कानाला लावायचं, पुसायचं, परत ठेवायचं. "पोराच्या तोंडावरून हात फिरवायला येळ न्हाई, आन् ह्या अकरा सवतींचं कौतुक बगा," पंचफुला भाकरी थापता थापता म्हणायची. एकदा कुणाच्या तरी भांडणाची चौकशी करत पोलिसांची जीप वस्तीत येऊन थांबली. सिताराम टपरीवर होता. पंचफुलानं सूप घेतलं, कणगीच्या झाकणावर बैठक मारली आणि जीप जाईपर्यंत तूर पाखडत बसली. टिकटिकीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती जोरजोरात पाखडत होती. त्या दिवशी तिनं जेवणाला हात लावला नाही.

वीस महिने असे काढले. या वीस महिन्यांत सितारामनं त्यातलं एकही घड्याळ स्वतःच्या मनगटाला लावलं नाही. सिंहवाल्या घड्याळावर त्याचा जीव होता, मालकानं कबूलही केलं होतं, तरी नाही.

सत्त्याहत्तरच्या होळीनंतर आणीबाणी उठली, हवा पालटली आणि दत्तरावांचा निरोप आला, गुरुवारी घेऊन ये. सितारामनं दोन दिवस टपरी बंद ठेवली. अकराच्या अकरा घड्याळं खोलून साफ केली, तेल दिलं, आणि मग त्याला एक हौस सुचली. सगळ्या घड्याळांत एकच वेळ लावायची, प्रत्येकाचा सेकंदकाटा बारावर आला की चावी ओढून ठेवायची. मालकासमोर डबा उघडायचा. आधी अकरा काटे सरळ उभे, मग रेडिओच्या ठोक्याला मालकानं एकेक दाबत जायचं. त्या चेहऱ्यासाठी त्यानं दोन दिवस मान मोडून घेतली.

तो गेला तर दत्तराव घरी नव्हते. चारठाण्याला पाहुण्यांतल्या साखरपुड्याला गेले होते, उद्या येणार. त्यांची आई नर्मदाबाई ओसरीवर बसल्या होत्या.

"ठेव तिथं पायरीवर," त्या म्हणाल्या.

"माय, मालकांना सांगा, चाव्या बाहेर ओढलेल्या हायत. त्यांच्याच हातानं दाबू द्या. तंवर कुणी हात लावू नका."

"बरं बाबा," म्हातारी म्हणाली.

पंधरा दिवसांत एकामागून एक घड्याळं बंद पडायला लागली. आधी दोन, मग एकदम पाच, मग सगळीच. दत्तराव ती घेऊन थेट हैदराबादला गेले. तिथल्या दुकानदारानं झाकण उघडलं, आत गंज दिसला आणि तो खांदे उडवून म्हणाला, कुणा कच्च्या हातात दिली होती काय? पुर्जे तरी असली आहेत की नाही देव जाणे. बस्स, दत्तरावांना तेवढंच पुरे झालं. झरीला उतरले ते पारावरच बसले.

"दुरुस्तीला म्हणून दिली होती," त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. "आतलं मशीनच बदललं चोरानं. इस्वासानं घात झाला."

दुरुस्तीला! वीस महिने कणगीत लपवली होती हा शब्द तोंडातून निघाला नाही.

बोलणं झरीहून परभणीला जायला एसटीचा एक फेरा पुरतो. सूर्यभान ड्रायव्हरनं दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ तसंच परत मागितलं. "ऱ्हाऊ द्या मिस्त्री, सवडीनं बगू," म्हणाला, आणि नजर दुसरीकडं. त्या आठवड्यात आणखी चौघांनी तसंच केलं. चोर म्हणायचं कुणी नाही, नुसतं घड्याळ परत मागायचं. सितारामला रात्रंदिवस एकच घोर, आपल्या हातून काय चुकलं? प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्क्रू तो मनातल्या मनात पुन्हा खोलून बघायचा. चूक सापडत नव्हती. तळपायाची आग मस्तकात जायची आणि तिथंच जिरायची.

"हितं बसून काय कुढायलाव?" पंचफुला शेवटी कडाडली. "त्यांच्या म्होरं उघडून दाखवा. काय बदललं म्हणावं, दावा बोट ठिवून."

ऐतवारी तो हत्यारांची पेटी घेऊन बैठकीत जाऊन उभा राहिला. या खेपेला खुर्ची पुढं आली नाही. त्यानं जमिनीवर पांढरं फडकं पसरलं आणि मांडी घातली. दत्तराव तक्क्याला टेकून बसले होते, नर्मदाबाई आतल्या दाराशी, मुंजाजी बाहेरच्या. दत्तरावांनी सिंहवालं ग्रँड सिको त्याच्यापुढं सरकवलं.

"बग. तुझ्याच हातचं काम."

सितारामनं तोंडाला फडकं बांधलं, झाकण उघडलं, आणि तोंडावरच्या फडक्यातूनही त्याच्या नाकात वास शिरला. गोठ्यातला वास. त्यानं भिंग लावलं. आरशासारख्या त्या पट्ट्यांवर मिठासारखी पांढरी पुटं चढली होती आणि बालकमानी तांबूस होऊन चिकटली होती. त्यानं एकेक पुर्जा काढून फडक्यावर मांडला. डायल काढली, तर तिच्या कडेनं पिवळी रेघ. बोटाच्या टोकानं पुसून बघितली. हळद.

"मालक, पुर्जे समदे तेच हायत. त्यांच्यावर नंबर हायत, तुमच्या पुस्तकाशी ताडून बगा," तो म्हणाला. "यात गोमूत्र गेलंय. हळद घातलेलं."

मग दाराशी बसलेल्या नर्मदाबाई अगदी साधेपणानं म्हणाल्या, "मग? वीस महिने तिकडं ऱ्हायलेली वस्तू, तशीच घरात घ्यायची का? पितळी भरून घेतली आन् एकेक बुडवून काढली. कोरडी पुसून ठिवली की पुन्हा. तुला रे कोण काय बोललं, तू बरा माणूस हायस."

चाव्या बाहेर ओढलेल्या. अकराच्या अकरा. पाणी आत जायला त्यानं स्वतःच्या हातानं, हौसेनं, वाट करून दिली होती. सितारामला ते आत्ता उमगलं.

तेवढ्यात दत्तराव आईवर खेकसले, "शिंपडा म्हणलं होतं मी! बुडवा कुठं म्हणलं होतं?"

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांना कळलं. ते पानाच्या डब्याकडं बघायला लागले. सिताराम त्यांच्याकडं बघत राहिला. म्हणजे साखरपुड्याला निघताना मालक सांगून गेले होते. पाच वर्षं भिंगाला भिंग लावून बसलेला माणूस. दारात उभा राहून आत न आलेला माणूस. निळ्या फुलांचा कप कशासाठी वेगळा होता, हे आता स्वतःला वेगळं सांगायची सोय उरली नव्हती.

त्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"मालक, एकच मागतो. पारावर बसून मला चोर म्हणलात. आता पारावर बसूनच सांगा, पुर्जे बदलले न्हाईत, घरच्या पाण्यानं गेलं म्हणून."

"तसं कसं सांगू, सिताराम?" दत्तराव अजीजीनं म्हणाले. "लोक इचारतील, शुद्ध कामून केली? मग सांगावं लागंल तुझ्या घरी होती म्हणून. त्याच घड्याळांवर मी सोयऱ्याधायऱ्यांत फिरतो, पंगतीला बसतो. पोरीचं जमत आलंय चारठाण्याला. सोयरे काय म्हणतील?"

"आन् मला चोर म्हणतेत त्ये?"

"लोक इसरतील रे. तू हे घड्याळ जोड, आन् तुझंच ठिव. बोललो होतो ना मी. बाकीचीबी तूच दुरुस्त कर, पण आता हितंच ओसरीवर बसून कर. घरी नेऊ नको. म्हणजे पुन्हा ही भानगडच न्हाई."

त्यांना वाटलं, मोठा मार्ग काढला. सितारामच्या मनात आलं की ते फडकं चारी टोकांनी उचलावं आणि अंगणात झटकावं. हात पुढं गेलाही. पण असलं काम धुळीत फेकायला त्याच्यानं झालं नाही. त्यानं चिमटा, भिंग, तेलाची कुपी पेटीत घातली आणि उठला.

"अरे, जोडून तर जा!" दत्तराव म्हणाले. "हे उघडं टाकून कुठं निघाला? हे कोण जोडणार आता?"

"ज्यानं शिंपडा म्हणलं त्यानं जोडावं," सिताराम म्हणाला आणि पायरी उतरला. पांढऱ्या फडक्यावर शंभरावर पुर्जे मांडलेले होते, ज्या क्रमानं काढले त्याच क्रमानं. सात वर्षांत त्यानं मालकाला उलट दिलेला तो पहिला आणि शेवटचा शब्द. पारावर दत्तरावांनी काही सांगितलं नाही, आणि सांगणारही नव्हते.

दुसऱ्या दिवशी टपरी बंदच होती. सिताराम घरापुढं बसून पंचफुलाच्या भावाचं गजराचं घड्याळ बघत होता, दुसरं काम नव्हतं. वाटेनं जाता जाता मुंजाजी थांबला. इकडं तिकडं बघून म्हणाला, "सितारामभाऊ, तुमी गेल्यावर म्हातारीनं पुन्हा शिंपडलं. फडक्यावर, त्या पुर्ज्यांवर, समद्यावर. तुमचा हात लागला व्हता म्हणून."

पंचफुला हसत सुटली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "झाल्या, सवती पाक झाल्या," म्हणाली.

सितारामला हसू आलं नाही. त्यानं विचारलं, "पुसून तरी घेतलं का नंतर?"

"न्हाई. तसंच वलं पडलंय."

मुंजाजी गेला. भर पारावर चोर म्हटलं तेव्हा सिताराम रडला नव्हता, बैठकीतून उठला तेव्हाही नाही. आता त्या ओल्या बालकमानीसाठी त्याचे डोळे भरून आले, आणि ते मालकाच्या घड्याळासाठी भरून यावेत, म्हणून त्याला स्वतःचाच भयंकर संताप आला. त्यानं डोळे कोरडे होऊ दिले, तोंडाला फडकं बांधलं, आणि मेहुण्याच्या गजराच्या घड्याळाचं झाकण उघडलं.